शिगोशीग डबे

ती घटना विसरून पाहिली, जमलं नाही. म्हणून आता लिहूनच टाकतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. गाव मॅसॅच्युसेट्समधलं, श्रूजबरीच्या आसपासचं, एवढं पुरे.

आधी माझ्याबद्दल. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि वडिलांनी इंजिनिअरिंगची स्वप्नं पाहिली असताना पोलिसात भरती झालो. नातेवाइकांत ही बातमी बरीच वर्षं दबक्या आवाजात सांगितली जायची. पुढे डिटेक्टिव्ह सार्जंट झालो. आमच्या ठाण्यात मराठी समजणारा मी एकटा, त्यामुळे दाराला तोरण दिसलं की ते प्रकरण माझ्या गळ्यात पडे. ही गोष्ट निवृत्ती जवळ आल्यावरची. चोर, दारुडे, नवराबायकोची भांडणं, सगळ्याचाच वीट आला होता.

फेब्रुवारीत मोठा बर्फ पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका गोऱ्या आजोबांचा फोन आला. शेजारच्या घरातली भारतीय बाई केराच्या सुपलीने पायऱ्यांवरचा बर्फ काढतेय आणि तिच्या मुलाची गाडी कित्येक आठवडे दिसलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा वेळी आम्ही ‘वेल्फेअर चेक’ला जातो, म्हणजे माणूस ठीक आहे ना, ते बघून यायचं. घरात हीटिंग आहे, औषधं आहेत, खायला आहे, एवढं दिसलं की चेक संपला.

बरोबर एक तरुण ऑफिसर होता. दार साखळी लावूनच उघडलं. आत सत्तरीच्या एक काकू, अंगावर मुलाचा स्वेटर. मी मराठीत बोललो तशी साखळी निघाली.

“आपले मराठी पोलीस! या बाप्पा, बसा. काही झालं का?”

“काही नाही काकू. सहज आलो. घरात अजून कोण?”

“मुलगा आहे न. ऑफिसात काम करून राहिला. येईल संध्याकाळी.”

खोटं बोलणाऱ्याला घाई असते. काकूंनी मी न विचारताच सांगितलं की तो रोज घरीच जेवतो, आज सकाळीही जेवूनच गेला. ओट्याजवळ दोन ताटं धुऊन उभी केली होती. दाराशी पुरुषाचे बूट होते. ते मी उचलून पाहिले. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग पडले नाहीत असा बूट सापडायचा नाही. हे बूट स्वच्छ होते, वर नुसती धूळ.

तेवढ्यात ऑफिसरने फ्रीझर उघडला. “सार्ज, शी इज गुड टिल समर!” तो खुशीत ओरडला. खरंच होतं ते. पुरणपोळ्या, मोदक, कोथिंबीर वड्या, सोललेले मटार, वाटणाच्या पिशव्या, सगळं थरावर थर लावलेलं. कपाटात डाळी-तांदळाचे डबे शिगोशीग. मी उभ्या उभ्याच हिशेब केला, चार माणसांचं घर दोन महिने सहज तगेल, एकटीला तर सहा महिने पुरून उरेल. नियमाने पाहिलं तर आमचं काम झालं होतं. ऑफिसरने टोपीही घातली.

मी निघालो नाही. काकूंची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. भरल्या घरात माणूस असा वाळत नाही.

ओट्यावर पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला होता. बोट फिरवून पाहिलं, तर त्यावरही धूळ.

“काकू,” मी म्हटलं, “सकाळपासून पोटात काही नाही. एखादी पोळी मिळेल का?”

पोलिसाने असं मागू नये, ठाऊक आहे. पण दारी आलेल्याला आपल्याकडची बाई उपाशी पाठवत नाही, तेही मला ठाऊक होतं. काकू लगबगीने उठल्या, कणकेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या. मी पुढे होऊन पाहिलं. पिठाला जाळी धरली होती. झाकणाला बारीक अळ्या.

त्या डबा तसाच मांडीवर घेऊन खाली बसल्या. जिच्या पिठाला जाळी लागते तिच्या घरात पोळ्या होत नाहीत, हे मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

“चाळीस वर्षं संसार केला,” त्या म्हणाल्या, “पिठात किडा होऊ दिला नाही कधी.” आणि रडायला लागल्या.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर मुलाची नोकरी गेली. व्हिसा असा की दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. मिळाली ती थेट कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. तिथे तो आणखी तिघांबरोबर एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहत होता. काकूंचं नागपूरचं परतीचं तिकीट वसंतातलं. ते अलीकडे घेऊ का, असं त्याने विचारलंही होतं. नको म्हणाल्या त्याच. सुट्टीला येशील तेव्हा गरम कोण वाढेल तुला? मग त्याने डबे भरले, त्यांनी त्याच्या आवडीचं करून करून फ्रीझर भरला. सुट्टी काही त्याला मिळाली नाही.

“मग तुम्ही काय खाता?”

“चहा-टोस्ट असते न. एकटीसाठी कुठे कुकर लावू? आणि फ्रीझरमधलं त्याचं आहे.” मग माझा हात धरला. “लिहू नका हो हे. त्याचा व्हिसा जाईल. पोरगं चांगलं आहे माझं.”

लिहावं लागणार होतं. म्हाताऱ्या माणसाची हेळसांड दिसली की कळवायचं, असा इथला कायदा. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि वर म्हटलं, आधी खिचडी टाका. त्यांनी टाकली. वाढून त्या उभ्याच राहिल्या, तेव्हा मी घास घेतला नाही. शेवटी बसल्या. तीन वेळा खिचडी घेतली बाईने. आमचा ऑफिसर लोणच्याने घामाघूम झाला आणि त्याला पाहून त्या हसल्या.

मी फोन केला तसा मुलगा पुढच्याच विमानाने आला. ठाण्यात त्याचा जबाब मीच घेतला. डोळे तारवटलेले, शर्ट दोन दिवसांचा.

“सर, आय स्वेअर, सगळं भरून ठेवलं होतं मी. आणि रोज कॉल करून विचारायचो, आई, जेवलीस का? हो म्हणायची यार रोज!”

“व्हिडिओवर बघायचास?”

“बिझी असायचो. नुसता व्हॉइस.”

“तू काय जेवायचास?”

“सिरीयल, दूध घालून,” तो म्हणाला. “तिला सांगायचो, वरणभात केला.”

इतक्या वर्षांत अनेक आरोपींना मी कात्रीत पकडलं. इथे दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांचीही शिक्षा आधीच भोगून झाली होती. मी रिपोर्ट जसा होता तसा पाठवला. ज्येष्ठांच्या खात्याची बाई दोनदा येऊन गेली, मुलावर गुन्हा काही दाखल झाला नाही. तिकिटाच्या तारखेपर्यंत त्याने आईला सनीव्हेललाच नेलं. नंतर त्याचा फोन आला, तक्रारीचा. “सर, ती चौघांच्या पोळ्या करते, ऐकतच नाही. आणि स्वतः पण आमच्याबरोबर भरपूर खाते.”

त्यानंतर वेल्फेअर चेकला गेलो की मी फ्रीज उघडायचो खरा, पण विचारायचो दुसरंच, शेवटचं जेवलात ते कुणाबरोबर? फ्रीज भरलेला असूनही या प्रश्नावर खाली बघणारे खूप निघाले. गोरे, काळे, आपले, सगळे. साठवणीवर घर तगतं, माणूस तगेलच असं नाही. तोंडासमोर तोंड असल्याशिवाय घास उतरत नाही पुष्कळांना.

आता मी निवृत्त आहे. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी जर्सी सिटीत असते, महिन्याकाठी येते आणि माझा फ्रीझर भरून जाते. वर चिठ्ठ्या चिकटवते, कुठला डबा कधी खायचा त्याच्या. परवा ट्रेनमधून तिचा फोन आला.

“बाबा, डिड यू ईट?”

“हो,” मी म्हणालो. समोर चहाचा कप होता.

“गुड,” म्हणाली आणि फोन ठेवला. जबाब कसा तपासायचा, हे मी तिला कधी शिकवलंच नाही.