भात बंद

कुरवंड्याच्या चिमाबाईला काही सांगायचं असेल तर माणसानं शब्द जपून वापरावा. कारण ती तो ऐकते, आणि ऐकला की पाळते. बाकीचे लोक सांगणाऱ्याच्या मनातलं ओळखून घेतात, थोडं इकडचं थोडं तिकडचं धरतात आणि शेवटी आपल्या सोयीचं करतात. चिमाबाईला ही सोय ठाऊक नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूनं "दुदाकडं बघ जरा" म्हणून सांगितलं, तेव्हा चिमाबाई दुधाकडे बघत बसली आणि दूध उतू गेलं, ही गोष्ट गावात अजून सांगतात. चिमाबाईही सांगते. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मात्र तिला कळलेलं नाही.

ती शाकाहारी झाली तीही अशीच. पंचशील ती पोरवयापासून म्हणत आली होती. जीवहिंसेपासून दूर राहीन, हे त्यातलं पहिलंच शील. बारा वर्षांपूर्वी वर्षावासात एक भन्तेजी गावच्या विहारात आले आणि त्यांनी त्या ओळीचा अर्थ मराठीत फोडून सांगितला. मारू नये, खाऊ नये. चिमाबाई घरी आली, चुलीवरचं रविवारचं कालवण उतरवलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः लोणच्याबरोबर जेवली. शिजवू नये असं भन्तेजी म्हणाले नव्हते, म्हणून घरच्यांसाठी ती अजून कोंबडी करते. मीठ चाखायला फक्त नवऱ्याला बोलावते. नवरा सीताराम नेव्हीच्या कँटीनमधून रिटायर झालेला. मीठ बरोबर आहे एवढं सांगायला त्याला दोन फोडी लागतात.

विहार गावाच्या वरच्या अंगाला आहे. रस्त्यापासून बावीस पायऱ्या. एकोणीस वर्षं रोज सकाळी चिमाबाई त्या चढून जायची, कुलूप काढायची आणि झाडून घ्यायची. पगार नाही, नेमणूक नाही, कुणी सांगितलेलं नाही. तिच्या आयुष्यात कुणी न सांगता केलेलं हे एकच काम असावं. मग वजन वाढलं, साखर निघाली आणि अडीच वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले. किल्ली तिनं चुलत जावेला, अंबूबाईला दिली. "चार दिस सांबाळ," म्हणाली.

चार दिवसांना अडीच वर्षं झाली. चिमाबाई रोज सकाळी पायऱ्यांच्या खाली दगडावर येऊन बसायची आणि वरचं झाडणं ऐकायची. तिच्या मते अंबूबाईला झाडता येत नव्हतं. झाडूचा लांब फर्राटा यायला हवा तिथं नुसतं खरड-खरड यायचं, मध्येच थांबायचं, परत खरड. कोपरे राहतात हे खालून ऐकू येतं, असं ती सीतारामला सांगायची. "मूर्तीच्या मागं जाळी धरली असत्याल," ती म्हणायची. सीताराम आठवड्यातून एकदा वर जायचा, पण मूर्तीच्या मागं बघायचं असतं हे त्याला सुचायचं नाही.

तिला गुडघे हवे होते ते एवढ्यासाठी. मुलगा आणि सून वाकडला राहायचे. ती दोघं म्हणत, आमच्याकडे चौथ्या मजल्यावर येता येईल, बाजारात हिंडता येईल. चिमाबाई मान डोलवायची. मनात झाडू.

तळेगावच्या मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो बघितले, मग तिला काट्यावर उभं केलं. वजन शहाऐंशी. साखरेची तीन महिन्यांची सरासरी नऊ. "असं ऑपरेशन करता येणार नाही," ते म्हणाले. "वजन पंचाहत्तरच्या खाली आणि साखर साडेसातच्या खाली आणा, मग या." चिमाबाईनं आकडे पाठ केले.

लोणावळ्याला तिच्या नेहमीच्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम. त्यांच्या दवाखान्याबाहेर गर्दी असते, त्यामुळे त्या थोडक्यात बोलतात. "मावशी, साखर बंद, भात बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. चिक्की?"

"ती भायरचे लोक खात्यात."

"अंडं चालतं का?"

"अंडं कसं चालंल मॅडम? त्यातलं पिल्लू चालतं."

मॅडमनी वर बघितलं. चिमाबाई गंभीर होती. मॅडमनी कागदावर 'शाकाहारी' लिहिलं.

घरामागं दोन खाचरं आणि दोन्हीत इंद्रायणी. मावळातल्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे काय, हे पुण्याच्या बाजूनं आलेल्या माणसाला कळायचं नाही. सीताराम समोर बसून गरम भात आमटीत कालवायचा, वास घरभर व्हायचा आणि चिमाबाई भिंतीकडे तोंड करून भाकरी खायची. तीन महिन्यांत भाताचं एक शीत तिनं तोंडात घातलं नाही. चहा बिनसाखरेचा. नातवाच्या वाढदिवसाचा केक पुढ्यात आला तर तिनं त्यावरची मेणबत्ती तेवढी काढून ठेवली.

दर महिन्याला ती नथूच्या गिरणीत जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभी राहायची. नथू वजन खडूनं भिंतीवर लिहायचा आणि सवयीनं मोठ्यानं ओरडायचाही. पहिल्या महिन्यात साडेशहाऐंशी. दुसऱ्या महिन्यात सत्याऐंशी. तिसऱ्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी भरलं तेव्हा नथूनं ओरडायचं टाळलं आणि वीस किलोचं माप ठेवून काटा तपासला. "काटा बराबर हाय मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट वाटलेलं होतं.

साखर नऊ पूर्णांक सहा.

ज्योत्स्ना मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला. बाहेर चाळीस माणसं बसली होती आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. "मावशी, माझ्याशी खोटं बोलू नका. कुठंतरी भात चाललाय."

चिमाबाई रिपोर्ट उचलून रिक्षानं घरी आली. तिला फार लागलं होतं. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि तेही तिनं इतर शीलांसारखंच अक्षर न् अक्षर धरलेलं. विडी सोडली असं सीताराम तीस वर्षं सांगत आला होता आणि त्याला आजवर कुणी खोटारडा म्हणालं नव्हतं. त्यामुळे अशा वेळी काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं भात खाताना पाठ फिरवली, एवढं केलं.

दोन दिवस ती पायऱ्यांखालच्या दगडावर गेली नाही. जिला लोक खोटी म्हणतात तिनं विहाराखाली बसू नये, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी अंबूबाई दारात आली. "आली न्हाईस?"

"बरं न्हाई," चिमाबाई म्हणाली.

अंबूबाई गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला तर बरं आहे. म्हणजे हे खोटं झालं. आता मॅडमचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तेही मॅडममुळे. हे काही तिला सहन होईना. शनिवारी ती एकटीच रिक्षा करून लोणावळ्याला गेली, आपण खोटं बोललो नाही एवढं सांगायला.

शनिवारी दवाखान्याच्या बाजूच्या खोलीत चैताली नावाची मुलगी बसायची. आहार काय घ्यावा ते सांगायची. मॅडम मोकळ्या नव्हत्या, म्हणून चिमाबाईला आधी तिच्याकडे बसवलं. चैतालीनं वही उघडली. "काल सकाळपासून काय काय खाल्लं, सगळं सांगा."

"सकाळी पोहं. वाटीभर."

"बरं. मग?"

"धा वाजता दोन घावन. दुपारी चार भाकरी आन वांग्याची भाजी. तिसऱ्या पारी मुरमुरं. सांजच्याला पेज, आन दोन भाकरी."

"भाकरी ज्वारीची ना?"

"ज्वारी हितं कुटं पिकती, पोरी?"

"मग कशाची?"

"तांदळाची."

चैतालीचं पेन थांबलं. "घावन?"

"तांदळाचं."

"पेज?" तिनं विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं. "मावशी, तुम्हाला तर भात बंद सांगितला होता."

"भात बंदच हाय," चिमाबाई म्हणाली. "तीन म्हैनं झालं. तांदूळ बंद कोन म्हनलं?"

यात चिमाबाईची चूक नव्हती. खाचरात उभं असतं ते भात. गिरणीतून निघाला की तो तांदूळ. पातेल्यात शिजला की पुन्हा भात. भाकरीत, घावनात, पेजेत भात नसतो, तांदूळ असतो. हे मावळात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भात सुटला म्हणून पोट भरेना, आणि पोट भरेना म्हणून दोनाच्या चार भाकऱ्या झाल्या होत्या. तीन महिन्यांत तिनं घरचं अर्धं पोतं तांदूळ भात न खाता संपवलं होतं.

चैताली हसली नाही. हे तिच्या हातून झालेलं पुण्यकर्म म्हणायला हवं. ती उठली, चिमाबाईला हाताला धरून मॅडमच्या खोलीत घेऊन गेली आणि वही समोर ठेवली. मॅडमनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा काढला.

"मावशी, मी तुम्हाला खोटं ठरवलं. ते माझं चुकलं."

चिमाबाईनं त्याचा विचार केला. "तुमी तांदूळ म्हनायला पायजे हुतं," ती म्हणाली, आणि तिथं तिच्या बाजूनं विषय मिटला.

त्यानंतर चैतालीनं शब्द मोजून सांगितलं. अर्धं ताट भाजी. पाव ताट उसळ. हुलगे, मूग, मटकी, काय असेल ते. नाचणीची एक भाकरी. एक म्हणजे एक. सोबत ताक. तांदूळ कुठल्याही रूपात नाही. फारच वाटलं तर आठवड्यातून एकदा मूठभर भात.

"कुनाची मूठ?"

"तुमची, मावशी."

"बरं झालं इचारलं. ह्यांची मूठ लय मोटी हाय."

ते वर्ष कुरवंड्याला जड गेलं. चिमाबाई समोर आलेल्या प्रत्येक जिनसाची कुळकथा विचारू लागली. पुतणीच्या लग्नात तिनं आचाऱ्याला बोलावून पापड कशाचे ते विचारलं, आणि तो "साधे" म्हणाला तेव्हा साधे म्हणजे कशाचे, हे विचारलं. रोज सकाळी ती सपाट रस्त्यानं गिरणीपर्यंत चालत जायची, पण काट्यावर महिन्यातून एकदाच उभी राहायची, कारण चैतालीनं तसं सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमारास वजन ब्याऐंशी झालं आणि नथू परत ओरडू लागला. अठ्ठ्याहत्तर भरलं तेव्हा गिरणीतल्या लोकांनी काम थांबवून ऐकलं. साडेत्र्याहत्तरला नथूनं भिंतीवरच्या आकड्याभोवती गोल काढला.

साखर सात पूर्णांक एक. तळेगावच्या डॉक्टरांनी गुडघे वाकवून बघितले, तिला खोलीभर चालवलं. दुखणं निम्म्यावर आलं होतं. "आता ऑपरेशनची घाई नाही. दुखणं वाढलं तर बघू."

"पायऱ्या चडू का?"

"चढा, हळूहळू."

ती मंगळवारी गेली. पौर्णिमा नको, रविवार नको, कुणी बघायला नको. डॉक्टर हळूहळू म्हणाले होते, म्हणून एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय ती पुढची घेत नव्हती. पायांकडे बघत चढत होती, म्हणून नवव्या पायरीवर कुणीतरी बसलंय हे तिला जवळ गेल्यावर दिसलं.

अंबूबाई होती. झाडू मांडीवर आडवा, एक हात गुडघ्यावर.

"हितं का बसलीस?"

"रोजच बसती, तू खाली यायच्या आदी," अंबूबाई म्हणाली. "येका दमात न्हाई जमत. वर बी येक हात भिंतीला, येका हातानं झाडायचं."

"कवापास्नं?"

"झालं की दोन वर्सं."

"मंग किल्ली दुसऱ्या कुनाला द्यायची."

"तू चार दिस सांबाळ म्हनलीवतीस," अंबूबाई म्हणाली. "तुजं चार दिस सरलं न्हाईत. मी कशी दिऊ?"

चिमाबाईला लाज वाटली. दोन वर्षं खाली बसून तिनं ती खरड-खरड ऐकली होती, आणि तिच्यातले सुटलेले कोपरे मोजले होते. तिनं हात पुढे केला. अंबूबाई त्याला धरून उठली, आणि उरलेल्या तेरा पायऱ्या दोघी एकमेकींना धरून चढल्या. वर गेल्यावर चिमाबाई आधी मूर्तीच्या मागं गेली. तिथं जाळं नव्हतं. कोपऱ्यात बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली नाही.

अंबूबाईनं कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली आणि उंबऱ्यावर बसली. चिमाबाईनं झाडू घेतला. झाडण्यासारखं काही नव्हतं, तरी तिनं लांब फर्राटा मारला.

"तुलाबी साखर हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय."

"भात बंद कर."

अंबूबाईनं मान डोलावली. चिमाबाई झाडत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं थांबली. मग झाडू खाली ठेवून परत उंबऱ्यापाशी आली.

"आन तांदूळबी," ती म्हणाली.