टोपीवाल्या पालकाचे प्रश्न

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत ऐन प्रवेशाच्या दिवसांत ते आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुरूच झाले.

"गुरुजी, इंग्रजी पहिलीपासनं हाय का? खिचडी रोज असती? संडासात पानी?"

माझं प्रत्येक उत्तर ते डोळे मिटून पुटपुटत पाठ करत होते.

"नातू केवढा आहे?" मी विचारलं.

"नातू कुठला? पोराचं लगीनच व्हायचंय! उद्या पोरीकडची मान्सं घर बघायला येत्यात. मागच्या पाव्हन्यांनी ऊस इचारलाच न्हाई, शाळाच इचारली. मी गप!"

दारातून ते वळले. "उद्या त्यास्नी हिकडं आनतो. तेवढा इस्तरीचा शर्ट घाला."

दुसऱ्या दिवशी मी शर्टाला इस्त्री केली, आणि अख्ख्या वर्गाला केस विंचरायला लावले.