बानोबीचं नाक

औशाचे निजामोद्दीन तंबाखूत गूळ मुरवण्यात वस्ताद. आजोबांपासून हुक्क्याचा माल त्यांच्या घरचा. पुढं हुक्के माळ्यावर गेले, पण लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं आणि त्यातल्या माधवराव सरांनी रुबाबासाठी पाइप धरला. झालं, निजामभाई पाइपचा माल करू लागले. पानांच्या शिरा काढायच्या, गुळाचं पाणी शिंपडायचं, लवंगेची पूड भुरभुरायची आणि दोन फळ्यांत दाबून ठेवायचं. मुरलं की नाही, ते फक्त वासावर कळतं. इथंच गोम होती. निजामभाईंना वासच येत नव्हता.

भूकंपात ते आठ दिवस किल्लारीकडं ढिगारे उपसत होते. तिथल्या धुळीत आणि दुर्गंधीत नाक गेलं, ते गेलंच. हे ठाऊक एकट्या बायकोला, बानोला. बिननाकाच्या माणसाचा माल कोण घेणार? म्हणून रोज सकाळी बानो चिमूटभर हुंगून "आज न्हाई" म्हणायची आणि गिऱ्हाइकापुढं निजामभाई तेच नाकपुड्या फुगवून सांगायचे. पडद्याआड बानो ओढणी तोंडात कोंबून हसायची. अशी बारा वर्षं निभली.

सरांना मात्र प्रत्येक गोष्टीचं सूत्र लागे. एकदा ते वही घेऊनच आले. "निजामभाई, प्रमाण सांगा. गूळ किती, दिवस किती?"

निजामभाईंनी ऐटीत काहीतरी ठोकून दिलं. सर पानं घेऊन गेले, घरी बरहुकूम माल केला आणि पहिल्याच झुरक्याला असे खोकले, की समोरच्या होस्टेलातली पोरं पुस्तकं टाकून गॅलरीत आली.

सर तणतणत दुकानात आले. "मला फसवलंत."

तेवढ्यात बानो बाहेर आली. "चूक माझी हाय, सर. पानंच म्या कच्ची दिली. ह्यांचं प्रमाण बराबर व्हतं."

"तुम्ही कशाला मधे नाक खुपसता?" सर डाफरले.

बानोनं मान खाली घातली. निजामभाई पुढं झाले.

"तिचंच नाक हाय, सर," ते म्हणाले. "भूकंपापासून मला वास येत न्हाई. तुम्ही वाखाणता तो समदा माल तिच्या नाकाचा."

सर वरमले. वही मिटून त्यांनी घरी केलेल्या मालाची पुडी बानोपुढं धरली. तिनं हुंगली.

"फेकून द्या," ती म्हणाली. "परवा या."

सर गेल्यावर ती नवऱ्यावर उखडली. "कशाला सांगितलं? गिऱ्हाईक तुटलं असतं म्हंजे?"

"तुटू दे," निजामभाई म्हणाले. "माझं नाक राहावं म्हणून तू किती दिवस मान खाली घालायची?"