बर्फाच्या खोलीतली ऊब

आधीच सांगतो, भुताखेतांवर आपला काडीचा विश्वास नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मागे उभं राहून हसणाऱ्यांत मी पहिला. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी राग नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

रत्नागिरीत जेटीजवळ आमच्या काकांचा मासळीचा धंदा. मी आणि चुलतभाऊ संतोष, दोघांनी जानेवारीत हिमाचलला बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरवलं होतं. सॅक, बूट, थर्मल सगळं आलं. पण आम्हा रत्नागिरीकरांची थंडी म्हणजे काय, तर पहाटे पंखा एक नंबरवर करायचा. भाड्याने आणलेल्या स्लीपिंग बॅगा तिथे टिकतील का, ही मला धास्ती. संतोष म्हणाला, "अरे, घरची बर्फाची खोली असताना चिंता कसली? झोपून बघ की आत."

खोली म्हणजे मासळीसाठी बर्फाचा चुरा साठवायची. जाड दार, खिडकी नाही, कडी बाहेरून. सकाळी लिलाव आटोपल्यावर मी बर्फावर प्लास्टिक अंथरलं, बॅगेत शिरलो आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. संतोष दार किलकिलं धरून उभा होता. तेवढ्यात टेम्पो हलवायला त्याला कोणीतरी हाक मारली, तो गेला आणि तिकडेच अडकला. मागोमाग काकी तिथून गेली. आमच्याकडे बर्फाच्या खोलीचं दार उघडं दिसलं की विचार न करता लावायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तिने दार लोटलं, कडी घातली आणि गेली.

मिट्ट काळोख. मी बोंबललो, पण बाहेर बोटींच्या इंजिनांची धडधड, कोणाला ऐकू जाणार? चेन ओढायला गेलो तर ती अडकलेली. हळूहळू दात वाजायचे थांबले आणि झोप यायला लागली. थंडीत अशी झोप येणं वाईट, हे ट्रेकच्या व्हिडिओत ऐकलं होतं. खरं सांगतो, आपण इथेच मरणार असं वाटलं.

मग पाठीमागे बर्फ करकरला. कोणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून आडवं झालं. अंग चांगलं गरम. मला वाटलं, संतोषच आला. म्हटलं, "मेल्या, आधी दार उघड."

ऐकू आला नुसता श्वास... माझ्या श्वासाबरोबर चालणारा. मी श्वास रोखला, तर त्यानेही रोखला.

आणि तेव्हाच दाराबाहेरून संतोष ओरडला, "आई, कडी कोणी घातली? तो आत आहे गं!"

दार उघडलं. उजेड आला. माझ्यामागे कोणी नव्हतं. पण प्लास्टिकच्या पलीकडे, माणूस झोपावा एवढा बर्फ वितळून खड्डा पडला होता. काकीने त्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"कोमट हाय रं पाणी," ती म्हणाली. "कोन व्हता तुझ्यासंगती?"

डॉक्टर म्हणाले, गारठ्याने भास होतात. संतोष म्हणतो, तुझ्याच अंगाच्या उबेने बर्फ वितळला. मग माझ्या खालचा का नाही वितळला? ट्रेक मी रद्द केला, त्यावरून तो अजून फुगून बसलाय.

पण एक गोष्ट मी घरात कोणाला सांगितलेली नाही. संतोष बाहेर आहे, म्हणजे पाठीमागचा संतोष नाही, हे कळल्यावरही मी पुढे सरकलो नाही. उलट मी अजून मागे सरकलो, त्याला चिकटून... इतकी थंडी होती. तेव्हा तो माझ्याकडे कुशीवर वळला आणि त्याने माझ्यावर हात टाकला. तो मला वाचवायला आला होता की ठेवून घ्यायला, हे मला आजही सांगता येत नाही.