क्रीटचे राजवाडे आणि माझी वही

गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी प्राचीन इतिहास शिकवायचो, म्हणजे वही वाचून दाखवायचो. वही माझ्या सरांची. त्यांनी ती त्यांच्या सरांकडून उतरवलेली. क्रीट बेटावर चार हजार वर्षांपूर्वी राजवाडे बांधणारे मिनोअन लोक मूळचे कुठले, याचं उत्तर तिच्यात एका ओळीत होतं: इजिप्तकडून पळून आलेले. क्रीटवर खोदकाम करणाऱ्या गोऱ्या साहेबाचं हे मत. साहेब म्हणाला, मग विषय संपला. वर्गात विशीतली धडधाकट पोरं खाली मान घालून बसायची आणि मी 'स्वल्पविराम' म्हटलं तर तोही अक्षरांत लिहायची. मला त्यांची कीव नाही, तिटकारा यायचा.

२००५च्या सुमारास केशोरी गावाकडची एक मुलगी वर्गात आली. होस्टेलवर राहायची. इतिहासात एम.ए. करून कॉलेजात शिकवायचं, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं. चाचणीत तिनं लिहिलं, 'बेटावर आधीपासून शेती करणारे लोक होते. राजवाडे त्यांच्याच वंशजांनी बांधले असतील.' मी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं.

"हे कुठं वाचलंस?"

"कोठीच नाही सर. पर तेथं शेतकरी होतेच ना. मंग बाहेरचे लोक कायले पाहिजेत?"

"चिखलात रोवणा करणारे राजवाडे बांधतात होय?"

वर्ग खो-खो हसला. त्यातल्या बहुतेकांच्या घरी धानाची शेती होती, कित्येकांनी त्याच पावसाळ्यात रोवणा केला होता. माझी आई तर जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत, चिखलात धानाची रोपं लावत वाकलेली. तरी मीही हसलो. उत्तराला शून्य दिलं. पुढच्या वर्षी त्या मुलीनं इतिहास सोडला, आणि मी कारण विचारलं नाही.

सात-आठ वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी आली. मिनोअन लोकांच्या जुन्या हाडांतला डीएनए तपासला होता. इजिप्तशी त्यांचा संबंध दिसत नव्हता. त्याच बेटावर फार पूर्वीपासून राहणाऱ्या शेतकऱ्यांचे ते वंशज असावेत, असं निघालं. मी कात्रण स्टाफरूममध्ये दाखवलं. एक सहकारी म्हणाला, "सिलेबस बदला क्या?" आणि चहाकडे वळला. मला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

तेच कात्रण घेऊन मी वर्गात गेलो. सगळं सांगितलं, त्या मुलीचं तेवढं सोडून. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "सर, मंग परीक्षेत काय लिवाचं?"

पेपर तपासणाऱ्यांकडेही तीच वही होती, हे मला ठाऊक होतं.

"इजिप्त," मी म्हणालो. सगळ्यांनी लिहून घेतलं.