वाळूची साक्ष

कोर्टातून बाबू म्हणून रिटायर झालेले आमचे शेजारी काका दाखल्याशिवाय काहीही मानत नाहीत. काकूंनी पोह्यात मटार घातले तरी विचारतात, "असं याच्या आधी कोणी केलं का?"

मी वैनगंगेच्या वाळूवर पीएचडी करतो, तीही निव्वळ लॅपटॉपवर. नदीवर जावंच लागत नाही, हे मी त्यांना फुशारकीनं सांगितलं.

"दाखला?"

मी आकाशगंगांच्या टकरीचे, ताऱ्यांच्या पोटातल्या आगीचे दाखले दिले. ते संशोधनही सगळं कॉम्प्युटरवरच होतं.

"हौ, तिथं कोन जाईन?" काका म्हणाले. "जजबी खून पाहाले जात नाही. बसल्या जागी निकाल देते."

मी खूश झालो. चष्मा पुसत त्यांनी पुढे विचारलं, "पण साक्षीदार त बलावते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पायजम्यानं आले आणि मूठभर ओली वाळू माझ्या टेबलावर ठेवली. "घे साक्षीदार, याले विचार."

या वाळूचा कण न् कण मी ओळखतो, असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. ती पहिल्यांदा समोर आली, तेव्हा मी घाईघाईनं कीबोर्ड झाकला.