सहावी खिट्टी

गाड्या पलीकडच्या किनाऱ्यावर नेणारं ते मोठं जहाज. त्याच्या तोंडाकडचं दार बंद करायचं, एवढंच काम त्याने बावीस वर्षं केलं. जहाजावर सगळे त्याला कडीमामा म्हणत. घरीसुद्धा तो निजण्याआधी दाराची कडी तीनदा ओढून बघायचा. बायको म्हणायची, "अहो, दार आहे ते. पळून जाणार नाही." तो हसायचा, पण ओढायचाच.

दार नीट लागलं नसेल, ही भीती त्याला जहाजाबरोबरच मिळाली होती. जहाज नवं कोरं आलं तेव्हा ते बांधणाऱ्यांपैकी एक म्हातारा मिस्त्री त्याला गाड्यांच्या मजल्यावर घेऊन गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दालन, मध्ये कुठेही भिंत नाही. तीनशे गाड्या तोंडातून आत शिरायच्या आणि शेपटाकडून बाहेर पडायच्या.

"सोय बघ केवढी," मिस्त्री म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण इथं घोटाभर पाणी शिरलं ना, तर त्याला अडवायला काहीच नाही. सगळं एका अंगाला धावेल. मग जहाज हळूहळू बुडत नाही. उलटतं. हातातला चहा गार व्हायच्या आत."

सातव्या वर्षी मालकांनी वर आणखी एक मजला चढवला. तेव्हापासून वळण घेताना जहाज पूर्वीपेक्षा जास्त कलायचं. कलून पुन्हा सरळ होईपर्यंत मामा श्वास रोखून धरायचा.

दाराला सहा खिट्ट्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, पोलादी. वर बसलेल्या कप्तानाला दार दिसत नसे. जहाजाचा रिवाज असा, की खालून काही निरोप आला नाही म्हणजे दार लागलं. मामाला तो कधीच पटला नाही. तो प्रत्येक खिट्टीवर तळहात ठेवायचा आणि मगच वर फोन करायचा, "सहाच्या सहा." यंदा वर कप्तानासमोर हिरवा दिवा बसला, सहाही खिट्ट्या लागल्या की पेटणारा. कप्तान म्हणाला, "मामा, आता तुम्हाला त्रास नाही. आम्ही दिव्यालाच विचारू."

त्या सकाळी मामा चार दिवसांच्या रजेवरून परतला होता. लेक माहेरी आली होती, म्हणून रजा. आता ती सात महिन्यांच्या बाळाला घेऊन याच जहाजाने सासरी निघाली होती. दोन मजले वर खिडकीशी बसली होती.

मामाने दार लावलं. पाच खिट्ट्या थंड, घट्ट. सहावी तळहाताखाली हलली.

त्याने फोन उचलला. "साहेब, सहावी हलतेय."

"दिवा हिरवा आहे, मामा."

"हाताला कळतंय, साहेब."

"चार दिवस नातवाला झुलवलंत, आता सगळंच हलतंय वाटतं." वर कुणीतरी खो खो हसलं. "चला, उशीर झालाय. दोर सोडा रे!"

मामाने फोन ठेवला. चुकलो तर दाराचं काम हातातून जाईल, जन्मभर चेष्टा होईल. आणि बरोबर असलो तर? त्याने डोळे मिटले आणि दार उघडायचं बटण दाबलं.

वरचा दिवा विझला, भोंगा वाजला. जहाज जागच्या जागी थांबलं. कप्तान स्वतः धावत खाली आला. "डोकं फिरलंय का तुमचं?"

मामाने सहाव्या खिट्टीकडे बोट दाखवलं. जहाजावरच्या मिस्त्रीने बॅटरी खिट्टीच्या खोबणीत धरली. खिट्टी मधोमध तुटली होती. दार लावलं की मागचा तुकडा पुढे सरकून दिव्याचं बटण दाबायचा, म्हणून दिवा हिरवा. पुढचा तुकडा नुसता लोंबत होता.

"कधीपासून?" कप्तानाने विचारलं.

मिस्त्रीने तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. बोट तांबूस झालं. "गंज चढलाय. तीन-चार दिवस तरी."

मामाच्या जागी चार दिवस जो होता, त्याने दिव्यावर विश्वास ठेवला होता. रोजच्या चार फेऱ्या, आणि एके दिवशी तर वादळ. बाकीच्या पाचांनी किती तग धरला असता, हे मिस्त्रीलाही सांगता येईना.

दुपारी नवी खिट्टी बसली. मामा वर लेकीकडे गेला.

"तू उद्या जा."

"का हो बाबा? झालं ना नीट?"

"झालं."

"मग?"

तिच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मामा तसाच मागे फिरला.

जहाज निघालं. पलीकडचा धक्का येईपर्यंत मामा खाली दाराला कान लावून उभा होता. बाहेर लाट आपटली की तो आतून दोन्ही हातांनी दार रेटून धरायचा.